मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी: आलेलं गिऱ्हाईक कुठून परत फिरतं ते दाखवणारं फुकटचं साधन

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढं वाचत बसायला नको. घरगुती धंद्याची स्वतःची वेबसाइट असेल, लोक येऊन बघून जात असतील आणि ऑर्डर मात्र पडत नसेल, तर जाहिरातीवर आणखी पैसे घालण्याआधी मायक्रोसॉफ्टचं क्लॅरिटी लावा. फुकट आहे. माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढं येईलच.

मी लातूरला राहते. घरी येसर, काळा मसाला, मेतकूट, धपाट्याची भाजणी आणि उन्हाळ्यात बिबड्या-कुरडया करते. हाताखाली दोघी जणी आणि वर सासूबाईंची देखरेख. ज्यांना येसर माहीत नाही त्यांच्यासाठी: ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, थोडे तांदूळ असं सगळं वेगवेगळं खमंग भाजायचं, त्यात धने, जिरे, दगडफूल, सुकं खोबरं, लाल मिरची घालून दळायचं. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत जी दाट, झणझणीत आमटी वाढतात ती याचीच. आता लातूरच्या माणसाला येसर विकायला जा, तो म्हणणार, आमच्या घरी आईनं केलंय की. म्हणून माझं खरं गिऱ्हाईक वाकडला, हिंजवडीला, चाकणला आहे. औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर सोडून नोकरीला गेलेलं, आणि आईला दर वेळी 'पाठव' म्हणायला अवघडलेलं.

या लोकांसाठी वेबसाइट करून घेतली. वर्डप्रेसवर, वूकॉमर्स म्हणजे त्यावर ऑनलाइन दुकान चालवायची सोय लावून. दिसायला छान होती, करणाऱ्यानं वरच्या बाजूला सरकते फोटोही टाकून दिले होते. लोक यायचे, बघायचे, जायचे. ऑर्डर यायच्या त्या ओळखीच्यांच्या आणि त्याही फोनवर. मग एक ऑनलाइन मार्केटिंगवाला गाठ पडला. 'ताई, तुमचा प्रॉब्लेम ट्रॅफिकचा आहे' म्हणत त्यानं महिन्याच्या व्हिजिटरचं पॅकेज गळ्यात मारलं. व्हिजिटर आले. येसर जागच्या जागी.

क्लॅरिटी आलं ते भाच्यामुळं. तो संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीला आला होता, लॅपटॉप मांडीवर घेऊन म्हणाला, "आत्या, किती लोक आले हे मोजत बसू नको. आल्यावर काय करायलेत ते बघ." साइटच्या कोडमध्ये एक छोटा तुकडा चिकटवायचा, नाहीतर वर्डप्रेसचं प्लगइन, म्हणजे तयार जोड, लावायचं. लॉगिनला गूगलचं खातं चालतं. कार्ड मागत नाहीत, किती लोकांपर्यंत फुकट अशी मर्यादाही नाही. 2020 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालेलं हे साधन आहे, म्हणजे अगदी नवखंही नाही. लावल्यावर काही वेळातच माणसं दिसायला लागली.

दिसायला लागली म्हणजे चेहरे नाहीत हो. साइटवर आलेल्या प्रत्येकाची एक चित्रफीत तयार होते. त्याच्या पडद्यावर माझं पान कसं सरकलं, बोट कुठं टेकलं, कुठं थांबला, कुठून मागं गेला हे सिनेमासारखं बघता येतं. फोन अँड्रॉइड का आयफोन, कुठल्या दुव्यावरून आला, किती वेळ थांबला हेही शेजारी येतं. रिकामा वेळ गाळून आणि वेग वाढवून बघता येतं, नाहीतर जन्म जाईल. सासूबाईंनी मागून बघितलं आणि म्हणाल्या, "लोकांच्या घरात डोकावल्यावानी वाटायलंय बाई." त्यांची शंका रास्त होती. पण गिऱ्हाइकानं फॉर्ममध्ये काय टाइप केलं ते आपल्याला दिसत नाही, तिथं नुसते ठिपके येतात. नाव, नंबर, पत्ता झाकलेलाच राहतो. तरीही साइटच्या तळाशी मराठीत एक ओळ टाकली आहे की साइट सुधारण्यासाठी आम्ही वापराची नोंद ठेवतो. आपण काय नोंदवतो ते येणाऱ्याला सांगितलंच पाहिजे, कायद्यानंही आणि रीतीनंही.

आमच्या लातूरच्या गंजगोलाई बाजारात मसाल्याच्या दुकानात गिऱ्हाईक मिरची हातात घेतं, देठ मोडून वास घेतं, भाव ऐकून भुवई उडवतं, आणि गादीवरच्या शेठजीला तेवढ्यातच कळतं की हे घेणार का जाणार. वेबसाइटवाल्याला ती भुवई दिसत नाही. क्लॅरिटीत ती दिसते, एवढंच या साधनाचं काम.

एक रेकॉर्डिंग मला अजून जसंच्या तसं आठवतं. फेसबुकवरून आलेलं माणूस, फोन अँड्रॉइड, रात्री उशिराची वेळ. आल्या आल्या सरकते फोटो वर ढकलून दिले. येसरच्या पानावर आलं. तिथं त्या वेळी इंटरनेटवरून उचललेला फोटो होता, लाकडी वाटी आणि भोवती लाल मिरच्यांची आरास. माणसानं फोटोवर बोट टेकवलं. काही झालं नाही. पुन्हा टेकवलं. मग टकटक टकटक. याला क्लॅरिटीत 'रेज क्लिक' म्हणतात, आणि टेकवूनही काही घडत नाही त्याला 'डेड क्लिक'. डॅशबोर्डवर दोन्हींची टक्केवारी समोरच येते. त्या माणसाला फोटो मोठा करायचा होता, पुडक्याची मागची बाजू बघायची होती, आत काय काय घातलंय ते वाचायचं होतं. ते जमलं नाही तरी बिचारं खाली गेलं, एक पुडा कार्टमध्ये टाकला. पुढच्या पानावर कुरिअरचे पैसे आले. तिथं थांबलं, वर गेलं, खाली आलं, परत वर गेलं. आणि गेलं.

घेण्याच्या मनानं आलेलं, पुडा हातात घेतलेलं गिऱ्हाईक. पाठोपाठ आणखी बरीच रेकॉर्डिंग बघितली तर बहुतेकांचा पाय त्याच दोन ठिकाणी अडकत होता.

फोटोचं काम सोपं होतं. मिरच्यांची आरास काढली. पुडक्याची पुढची बाजू, मागची बाजू, पोह्याच्या चमच्यात येसर म्हणजे रंग कळावा, आणि कढईत उकळणारी आमटी. सगळे फोटो घरच्या ओट्यावर, खिडकीच्या उजेडात, माझ्याच फोननं काढलेले. मागच्या बाजूचा फोटो मोठा करता येतो आणि त्यावर घटक, तयार केल्याची तारीख, एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी नोंदणी क्रमांक स्पष्ट वाचता येतो. धंदा कितीही छोटा असू दे, खायची वस्तू अनोळखी माणसाकडून मागवताना लोक तो क्रमांक शोधतात. मला वाटायचं कोण बघतंय. क्लॅरिटीच्या हीटमॅपमध्ये, म्हणजे कुठं किती बोटं पडली ते रंगांत दाखवणाऱ्या चित्रात, तो फोटो लालभडक दिसतो, म्हणजे सगळ्यात जास्त बोटं तिथं.

कुरिअरची गोष्ट मात्र फोटो बदलण्याइतकी सोपी नव्हती, आणि माझ्या मते घरगुती धंदेवाल्यांचं सगळ्यात जास्त गिऱ्हाईक इथंच गळतं. जगभरातल्या ऑनलाइन दुकानांचा अभ्यास करणाऱ्या डेन्मार्कच्या बेमार्ड इन्स्टिट्यूटच्या हिशोबानं कार्टमध्ये माल टाकणाऱ्यांपैकी सरासरी सुमारे 70 टक्के लोक तो तसाच सोडून जातात. नुसतं बघायला आलेले बाजूला काढले तर सोडून जाण्याचं पहिलं कारण शेवटी वाढून येणारा खर्च, कुरिअर वगैरे. मोठ्या कंपन्या तो खर्च पोटात घालू शकतात. अर्ध्या किलो येसरवर मी काय पोटात घालणार?

माझा पुडा अर्ध्या किलोचा होता. कुरिअरवाल्यांचे दर 500 ग्रॅमच्या टप्प्यानं चालतात. अर्धा किलो माल, त्यावर जाड पिशवी, खोका, चिकटपट्टी म्हटलं की वजन टप्प्याच्या पुढं, आणि पैसे लागतात एक किलोचे. म्हणजे 240 रुपयांच्या येसरवर शंभराच्या आसपास कुरिअर. मीसुद्धा घेतलं नसतं. मग पुडाच 400 ग्रॅमचा केला. बांधून झाल्यावर काट्यावर 500 च्या आत बसतो. आणि पानावर एकच आकडा लिहिला: 260 रुपये, महाराष्ट्रात कुठंही घरपोच. दोन पुडे एकत्र घेतले तर 460. जाऊबाई म्हणाल्या, "अहो, 260 बघून लोक पळतील की!" नाही पळाले. पहिल्यांदाच 260 बघून ज्याला नको होतं ते तिथंच गेलं, पण ज्यानं कार्टमध्ये टाकलं ते आता बरंचसं शेवटपर्यंत जातं. आणि दोन पुड्यांची ऑर्डर जास्त यायला लागली, जी मला सगळ्यात परवडते.

त्याच्या पुढची अडचण खातं उघडण्याची. पैसे भरण्याआधी साइट म्हणायची, नोंदणी करा, पासवर्ड ठेवा, त्यात एक आकडा आणि एक मोठं अक्षर हवं. एक पुडा येसर घ्यायला! वूकॉमर्सच्या सेटिंगमध्ये खात्याशिवाय ऑर्डर घ्यायची सोय आहे, एक खूण केली की झालं. कंपनीचं नाव, पत्त्याची दुसरी ओळ असले रकाने काढून टाकले. पत्त्याच्या रकान्यावर मराठीत लिहिलं, 'घर, सोसायटी, जवळची खूण'. गावाकडचा माणूस तिथं मु. पो. लिहितो, त्याला जागा मोठी ठेवली.

आता एक गंमत. माझ्या साइटवर येसरच्या आमटीची कृती आहे. बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच घालून आमच्या घरी करतात तशी. दोन्ही निलंगा तालुक्यातल्या आणि दोन्हींना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, हेही त्यात सांगितलं आहे. हे पान मी हौसेनं लिहिलं होतं, विक्रीशी त्याचा काही संबंध लावला नव्हता. स्क्रोलचा, म्हणजे लोक पान कुठवर सरकवतात त्याचा, हीटमॅप बघितला तर लोक दुकानाच्या पानावर अर्ध्यातून परत जातात आणि हे पान मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. येळवशीच्या आधी तर जास्तच. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आमच्या लातूर-धाराशिवकडचा शेतातला सण. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. पुण्यात बसलेल्या माणसाला त्या दिवसांत शेतातली पंगत आठवते आणि तो फोनवर काहीबाही शोधत बसतो. शोधत शोधत माझ्या पानावर येतो, शेवटची ओळ वाचतो, तोंडाला पाणी सुटलेलं असतं, आणि खाली काय? तर 'वाचल्याबद्दल धन्यवाद'. तिथं आता पुड्याचा फोटो, किंमत आणि 'मागवा' असं बटण आहे. पहिल्या पानावरच्या जाहिरातवजा मजकुरापेक्षा ते बटण जास्त विकतं.

व्हॉट्सॲपबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. वरच्या कोपऱ्यात माझा नंबर होता, पण तो चित्रात लिहिलेला. लोक त्यावर बोटं आपटत होते, सगळे डेड क्लिक. आता तिथं हिरवं बटण आहे, दाबलं की व्हॉट्सॲप उघडतं आणि 'मला येसरबद्दल विचारायचं आहे' एवढं आधीच लिहून येतं. येणारे प्रश्न ठरलेले: ताई, किती तिखट हाय? पोरं खातील का? लसूण घातलाय का? किती दिवस टिकतं? यातले बहुतेक लोक तिथंच यूपीआयनं पैसे पाठवून मोकळे होतात, कार्टकडं जात नाहीत. भाच्याला हे पटत नाही, त्याला ऑर्डर साइटवरच पडायला हवी. मला काय करायचंय? पैसे आले ना. आणि रोज विचारले जाणारे तेच प्रश्न उत्तरांसकट मी येसरच्या पानावर टाकले, त्यामुळं रात्री अकराला न विचारता ऑर्डर टाकणारेही वाढले आहेत.

त्या मार्केटिंगवाल्याच्या व्हिजिटरांचं काय झालं तेही सांगते. क्लॅरिटी लागलं तेव्हा त्याचं पॅकेज चालूच होतं. त्याच्या दुव्यावरून आलेली रेकॉर्डिंग वेगळी काढून बघितली. पान उघडलं, दोन-चार सेकंद, बंद. बोट हललेलं नाही, पान सरकलेलं नाही. ओळीनं तशीच. रेकॉर्डिंग त्याला दाखवलं तर म्हणाला, 'ब्रँड अवेअरनेस होतोय ताई.' पॅकेज बंद केलं. गूगल ॲनालिटिक्स या किती लोक आले ते मोजणाऱ्या साधनात हेच लोक नुसता वाढलेला आकडा होऊन दिसत होते, आणि आकडा वाढला की आपल्यालाही बरं वाटतं. तरी ॲनालिटिक्स काढून टाकू नका. शहर कुठलं, कुठल्या महिन्यात गर्दी, हे मी तिथंच बघते. हैदराबाद आणि बंगळूरहून लोक येतात हे मला तिथंच कळलं. माझी जीएसटी नोंदणी नाही, आणि करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही छोटी असली तरी ही नोंदणी आधी लागते. म्हणून पानाच्या वरच लिहिलंय की सध्या फक्त महाराष्ट्रात पाठवतो. आधी हे त्या बिचाऱ्यांना पिनकोड टाकल्यावर कळायचं.

आता कापलेला अर्धा तारा. क्लॅरिटी काय झालं ते दाखवतं, का झालं ते नाही. माणूस 260 च्या आकड्यावर थांबून गेला तर किंमत जास्त वाटली, की दाराची बेल वाजली, की फोनची बॅटरी संपली, ते तुम्हीच ताडायचं. एकाच रेकॉर्डिंगवरून काही बदलू नका. तीच अडखळ बऱ्याच जणांची दिसली तरच हात लावा. रेकॉर्डिंग साधारण 30 दिवसच राहतात, तेव्हा लग्नसराईतलं रेकॉर्डिंग पावसाळ्यात बघू म्हटलं तर मिळणार नाही. मी वापरते ते सगळं इंग्रजीत आहे, आणि फोनच्या पडद्यावर हीटमॅप बघणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा, लॅपटॉप हवाच. त्यात कोपायलट नावाची सोय आहे, ती रेकॉर्डिंगचा सारांश लिहून देते. पण सारांशात 'वापरकर्त्याने कार्ट सोडले' एवढंच येतं. तो तीनदा वर-खाली झाला, ते बघितल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक, लावल्या लावल्या सेटिंगमध्ये घरच्या वायफायचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, वगळून टाका. नाहीतर आपलीच रेकॉर्डिंग आपण बघत बसतो. आमच्याकडं दोघी मदतनीस आणि सासूबाई कौतुकानं साइट उघडून बघायच्या, आणि मी आपली रोज नवं गिऱ्हाईक आलं म्हणून खूश.

हॉटजारसारखी साधनंही हेच काम करतात, पण वापर वाढला की पैसे लागतात. घरगुती धंद्याला क्लॅरिटीच्या पुढं जायची गरज मला तरी दिसत नाही. दिवसाला दोन-चारच माणसं येत असतील तर मात्र यात वेळ घालवू नका, त्यांना सरळ व्हॉट्सॲपवर विचारून घ्या. आणि ज्या मैत्रिणी फक्त इन्स्टाग्रामवर विकतात त्यांना याचा काही उपयोग नाही, कारण कोड चिकटवायला स्वतःची साइट लागते. साइट दुसऱ्याकडून करून घेतली असेल तर तिचं लॉगिन आधी स्वतःच्या हातात घ्या. ते देताना समोरचा 'कशाला ताई, काय बदलायचं ते मला सांगत जा' म्हणेल. तरी घ्याच.